डावखुऱ्यांचं राष्ट्र

तराजूबाई दोन्ही पक्षांची भाषणं लिहून देतात, सकाळी एकाचं आणि संध्याकाळी दुसऱ्याचं, आणि त्याबद्दल दोन्हीकडून त्यांच्या घरी जाडजूड पाकीट येतं, अशी एक कुजबुज त्या निवडणुकीच्या वर्षी गावभर फिरत होती. कुजबुज जन्मली कॉलेजच्या कँटीनमध्ये, तिने बाळसं धरलं न्हाव्याच्या खुर्चीत, आणि बाईंच्या स्वतःच्या दारापर्यंत पोचली तेव्हा ती चांगली लग्नाच्या वयाची झाली होती. पाकिटाचं तर पोस्टमनने छातीला हात लावून सांगितलं होतं. "जाड असतं. मागे पक्षाचा शिक्का असतो. आज ह्यांचा, उद्या त्यांचा. उघडून बघायची आपली पद्धत नाही," असं तो म्हणायचा, आणि 'पद्धत' शब्दावर असा काही थांबायचा की उजेडाकडे धरून बघायची पद्धत असावी, हे ऐकणाऱ्याने समजून घ्यावं.

तराजूबाई हे नाव अर्थातच आईबापांनी ठेवलेलं नव्हतं. ते मुलांनी ठेवलं होतं. राष्ट्रवाद आणि राजकीय विचारसरण्या हा त्यांचा विषय, आणि कुठलाही प्रश्न विचारा, उत्तर सुरू व्हायचं ते "एका बाजूने पाहिलं तर" इथून. दुसरी बाजू येईपर्यंत तासाची घंटा व्हायची. वर्गात ठीक आहे हो, पण ही खोड बाजारातही सुटत नसे. भाजीवाली एकदा वैतागून म्हणाली होती, "बाई, बटाटे घेताय की निकाल देताय?"

"बघतेय गं. हे मोठे आहेत, पण त्यांना डोळे आलेत. ते लहान आहेत, पण..."

"माझ्या गाडीवर दोन्ही एकाच भावाचे आहेत. घ्या आणि मोकळ्या व्हा. मागे रांग लागलीय."

बाईंनी अर्धे हे घेतले, अर्धे ते. दुसरं काय करणार!

हा स्वभाव आला कुठून, ते सांगायला बाईंच्या वडिलांच्या दुकानात जावं लागेल. वडील शिंपी. एरवी विजारी आणि पोलकी, पण निवडणूक आली की झेंडे. सगळ्या पक्षांचे झेंडे, एकाच मशीनवर, एकाच कारागिराच्या हातून. बाई तेव्हा असतील आठ-नऊ वर्षांच्या. दुकानात बसून काजं करायच्या आणि प्रश्न विचारून वडिलांचं डोकं खायच्या.

"बाबा, हे दोघं एकमेकांशी भांडतात ना?"

"कडाकडा."

"मग तुम्ही दोघांचेही झेंडे कसे शिवता?"

"अगं, भांडायचंय म्हणून तर झेंडा लागतो. गळ्यात गळे घालणारा माणूस शिंप्याकडे कशाला तडफडेल?"

वडिलांनी विनोद केला आणि विसरून गेले. मुलीच्या डोक्यात मात्र वेगळंच घोळत राहिलं. दुकानातला कारागीर सकाळी ज्या कापडाच्या गठ्ठ्यावर बसून चहा प्यायचा, त्याच कापडाचा दुपारी झेंडा झाला आणि त्यात काठी गेली की त्याला पाय लागू द्यायचा नाही. कुणाचा चुकून लागला तर चिडायचा. सकाळ आणि दुपार यांच्यामध्ये त्या कापडात नेमकं काय शिरलं? बाईंचं सगळं आयुष्य या एका प्रश्नाच्या मागे गेलं असं म्हटलं तरी चालेल. लोक प्रेमापायी वाया जातात, जमिनीपायी जातात. ह्या कापडापायी गेल्या.

लग्नाचं एकदा जमत आलं होतं. मुलाकडची मंडळी आली, चहा झाला, आणि मुलाच्या काकांनी सहज म्हणून विचारलं, "मुलगी कुठल्या विचारांची?" बाईंनी पाऊण तास उत्तर दिलं. काकांनी मध्ये दोनदा घड्याळ पाहिलं, आईने चारदा डोळे वटारले. मंडळी गेली ती गेलीच. धाकटी बहीण, जी पुढे नर्स झाली आणि जन्मभर बाईंच्याच घरात राहून त्यांची टर उडवत आली, ती आजही सांगते, "मुलगा दिसायला बरा होता हो. ताईने त्याला तिसऱ्या मुद्द्याला मारला."

मग प्रबंध. मार्गदर्शक म्हणाले, विषय आभाळाएवढा आहे, रुमालाएवढा करून आणा. बाईंनी शाळेतली पहिलीची पुस्तकं घेतली. चाळीस वर्षांची. पहिल्या पानावर कोणतं चित्र आहे, नकाशा कधी आला, नकाशाला माणसाचा चेहरा कधी आला, एवढंच पाहायचं. पुस्तकं कुठेच जपलेली नव्हती, म्हणून रद्दीवाल्यांच्या दुकानांतून गुडघ्यावर बसून उकरली. अकरा वर्षं लागली. पहिले मार्गदर्शक निवृत्त झाले, दुसरे परदेशी गेले ते तिकडचेच झाले, तिसऱ्यांनी न वाचता सही केली.

कॉलेजात त्यांना जी खोली मिळाली ती दुसऱ्या मजल्याच्या टोकाला, रसायनशास्त्राच्या कोठीशेजारी. दुपारी भिंतीतून गंधकाचा वास यायचा. लोखंडी कपाटात सगळ्या पक्षांचे जाहीरनामे सुतळीने बांधून, वर्षावार. कपाटाचं दार कागदाची घडी घालून बंद करावं लागे, आणि घडीला म्हणून हाती येईल तो जाहीरनामा वापरला जाई. "एवढ्या उपयोगाला ते सगळेच सारखे पडतात," असं बाई म्हणायच्या. आयुष्यात एका बाजूने दिलेलं हे त्यांचं एकमेव मत असावं.

आता मुख्य गोष्टीकडे येऊ.

नोकरीचं दुसरं वर्ष. मुलांना विचारसरण्या शिकवायच्या म्हणजे माशा मारण्यासारखं झालं होतं. व्याख्या पाठ करायची, पेपरात ओकायची. एका रविवारी दुपारी बाई जेवणाच्या टेबलाशी बसल्या आणि त्यांनी एक भाषण लिहिलं. दोन पानांचं. आतापर्यंत ऐकलेल्या, वाचलेल्या शेकडो भाषणांचा सांगाडा त्यात घातला आणि पाच ठिकाणी जागा रिकाम्या सोडल्या. आपण कोण, आपले चांगले दिवस कधी होते, ते कुणी हिरावले, अपमान कुठला झाला, आणि हिशेब कधी चुकता करायचा. जागा भरा, राष्ट्र तयार.

सोमवारी वर्गात त्यांनी विचारलं, "डावखुरे किती आहेत इथे?" तीन हात वर आले, तिन्ही अर्थात डावे. बाईंनी पाच जागांत डावखुऱ्यांना बसवलं आणि भाषण वाचायला सुरुवात केली. एके काळी सगळी कुलपं डाव्या हाताची होती. मग ते आले. त्यांनी कात्री उलटी केली, बाकाची फळी उजवीकडे लावली, तुमच्या बोटांवर पट्ट्या मारल्या. आणि मग ते वाक्य आलं, जे बाईंना त्या रविवारी कुठून सुचलं देव जाणे:

"त्यांनी अंगण घेतलं, आपण म्हटलं, जाऊ दे. त्यांनी ओसरी घेतली, आपण म्हटलं, आलेत तर बसू दे. आज ते उंबऱ्यावर उभे आहेत आणि विचारताहेत, तुमची चूल कुठे आहे?"

वर्ग आधी हसत होता. या वाक्याला हसणं थांबलं. खिडकीजवळचा एक किडकिडीत डावखुरा मुलगा आपोआप उठून उभा राहिला. त्याच्या डोळ्यांत पाणी होतं, आणि आपल्याला काय होतंय ते त्यालाही कळत नव्हतं. त्या दिवशी कँटीनमध्ये तिघे डावखुरे वेगळ्या टेबलावर बसले. उजव्यांपैकी एकाने त्यांच्याकडे बघून "फारच झालंय यांचं" असं म्हटलं. बाईंच्या आनंदाला पारावार राहिला नाही. घरी येऊन धाकटीला म्हणाल्या, "पंधरा मिनिटं लागली गं! फक्त पंधरा!"

धाकटी म्हणाली, "माझ्या वॉर्डात काविळीला त्याहून जास्त वेळ लागतो. मुलांना उतारा दिलास की नाही?"

"उतारा काय, मी शेवटी समजावून सांगितलं की."

"समजावून सांगणं म्हणजे उतारा नव्हे, ताई."

पण धाकटीचं कोण ऐकतो! तो धडा लोकप्रिय झाला. दर वर्षी ते भाषण सायक्लोस्टाइल करून वाटलं जायचं, दर वर्षी नवं राष्ट्र. चष्मेवाल्यांचं, उंचांचं, मागच्या बाकावरच्यांचं. बावीस वर्षं. मुलं शिकून गेली, नोकऱ्यांना लागली. खिडकीजवळचा डावखुरा कुठल्यातरी पक्षाच्या कचेरीत लागल्याचं बाईंच्या कानावर होतं. पुढच्या एका वर्षीची, पहिल्या बाकावर बसून नखं खाणारी हुशार मुलगी दुसऱ्या पक्षाच्या कचेरीत होती. बाईंना त्याचा अभिमान होता. तराजूच्या दोन्ही पारड्यांत एक एक.

निवडणुकीच्या त्या वर्षी, दुपारी चार वाजता, पहिल्या पक्षाची सभा होती. बाई नेहमीप्रमाणे कडेच्या खुर्चीवर, मांडीवर वही. नेत्याने घसा खाकरला आणि सुरुवात केली. तिसऱ्या-चौथ्या वाक्याला बाईंच्या लक्षात आलं की आपली पेन्सिल बोलणाऱ्याच्या पुढे धावतेय. तो म्हणायच्या आधी वाक्य वहीत उतरलेलं होतं. त्यांनी पेन्सिल थांबवली. तो म्हणाला, "त्यांनी अंगण घेतलं," आणि बाईंनी वही मिटली. रिकाम्या जागी 'नदीपलीकडून आलेले' बसवले होते. शेजारची, पिशवीत पावाची लादी घेतलेली बाई उभी राहून रडत होती. तिने तराजूबाईंना कोपराने ढोसलं. "उठा ना! बसून काय राहिलात?"

चार दिवसांनी दुसऱ्या पक्षाची सभा. तेच अंगण, तीच ओसरी. उंबऱ्यावर या खेपेला 'वरच्या पेठेतले पैसेवाले' उभे होते.

वर्तमानपत्राने दोन्ही भाषणं शेजारीशेजारी छापली आणि वर प्रश्नचिन्ह टाकलं. दोन दिवसांत एका जुन्या विद्यार्थ्याने कँटीनमध्ये सांगितलं, हे तर तराजूबाईंचं वाक्य आहे. पुढचा प्रवास वर सांगितलाच आहे.

ही वावटळ नेमकी वाईट वेळी उठली. कॉलेजात विचारसरण्यांचं अभ्यासकेंद्र निघत होतं. पंधरा वर्षं बाईंनी त्यासाठी अर्ज केले होते, हेलपाटे घातले होते. स्वतंत्र इमारत, चार संशोधक, आणि पहिलीच्या त्या सगळ्या पुस्तकांना काचेची कपाटं. संचालक म्हणून बाईंचं नाव ठरल्यातच जमा होतं. प्राचार्यांनी बोलावून घेतलं. माणूस तसा भला, पण वाऱ्याकडे पाठ करून उभं राहण्यात तयार.

"बाई, हा कागद. तीनच ओळी आहेत. 'सदर भाषणांशी माझा कोणताही संबंध नाही.' खाली सही. सोमवारी समिती बसतेय, विषय संपला."

"पण सर, एका बाजूने पाहिलं तर संबंध आहे."

"बाई, आज एकच बाजू ठेवा. हात जोडतो."

"वाक्यं माझी आहेत. वर्गात शिकवायला लिहिलेली."

प्राचार्यांनी उठून दार लावलं. "हे मी ऐकलं नाही. बरं, मग ती तिकडे नेली कुणी, ते सांगा. नावं द्या. तुम्ही सुटलात."

बाई कागद घेऊन घरी आल्या. शुक्रवारची संध्याकाळ होती. धाकटीने कागद वाचला, ताईचं तोंड पाहिलं आणि पहिल्यांदाच टर उडवली नाही. "सही कर," ती म्हणाली. "पंधरा वर्षं घासलीस. तू कुठे सभेत बोललीस? आणि नाही करवत तर त्या दोन शहाण्यांची नावं दे. त्यांनी कुठे तुझा विचार केला?"

"बघते," बाई म्हणाल्या. आणि खरोखरच त्या सही करणार होत्या. पेनमध्ये शाई भरून ठेवली होती. दोन्ही बाजूंनी पाहूनही सही करणंच शहाणपणाचं दिसत होतं.

शनिवारी सकाळी त्या गल्लीच्या तोंडाशी असलेल्या घड्याळजीकडे गेल्या. भिंतीवरचं घड्याळ दुरुस्तीला दिलेलं होतं. घड्याळजींचं शटर अर्धं खाली होतं. बाई वाकून आत शिरल्या. आत पाचसहा वेगवेगळ्या वेळा टिकटिकत होत्या. घड्याळजी डोळ्याला भिंग लावून बसले होते, पण समोर काम नव्हतं; आठवडाभर गिऱ्हाईकच नसल्याने गावची कुजबुजही आत आलेली नव्हती. त्यांचे आजोबा नदीपलीकडून आले होते, ही गोष्ट गल्लीत सगळ्यांना ठाऊक होती आणि पन्नास वर्षांत कुणी तोंडातून काढली नव्हती. त्या आठवड्यात काढली होती. शोकेसची काच फुटली होती आणि तिथे पुठ्ठा लावला होता.

"कुणी केलं हे?"

"चेहरे ओळखीचे होते, म्हणून नीट बघितलं नाही," घड्याळजी म्हणाले. "बसा. तुमचं तयार आहे. मिनिटकाटा सैल होता, बाकी काही नाही." मग ते भिंग काढून म्हणाले, "बाई, तुम्ही ह्या विषयातल्या जाणकार. ते चुलीचं वाक्य, ते काय जबरदस्त होतं हो! मी इथे बसून लाउडस्पीकरवर ऐकलं. माझ्याबद्दलच चाललंय हे कळत असूनही अंगावर काटा आला. कुणी लिहीत असेल असं?"

बाई घड्याळाच्या खोक्याकडे बघत राहिल्या. एका बाजूने पाहिलं तर... पण ते वाक्य त्यांनी तिथेच सोडलं.

"मी लिहिलंय," त्या म्हणाल्या.

घड्याळजींना ती थट्टा वाटली. मग वाटेना. बाईंनी सगळं सांगितलं. रविवार, जेवणाचं टेबल, डावखुरे, बावीस वर्षं.

"म्हणजे माझं नाव तुम्ही नाही घातलंत."

"नाही. जागा रिकामी सोडली होती."

घड्याळजींनी भिंग फडक्याने पुसलं. एका घड्याळाने अकराचे ठोके दिले, दुसऱ्याने थोड्या वेळाने दिले. "बाई," ते शेवटी म्हणाले, "रिकामी खुर्ची मांडून ठेवलीत तर कुणीतरी बसवला जाणारच. तुम्ही शिकलेल्या. तुम्हाला हे मी सांगायचं?"

"तेच शिकवत होते मी," बाई म्हणाल्या, आणि बोलल्यावर त्यांची त्यांनाच लाज वाटली.

"आणि खरं सांगू? चूल कुठाय असं विचारायला या दुकानातून कधी कुणी उठून गेलेलं नाही. लोक येतात, घड्याळ पुढे जातंय म्हणतात, मागे पडतंय म्हणतात. ते लावून देण्यात आमचे दोन जन्म गेले." त्यांनी खोकं पुढे सरकवलं. बाई पैसे काढायला लागल्या तर म्हणाले, "द्या. फुकट नाही करायचो. आज तर मुळीच नाही."

सोमवारी समितीपुढे बाईंनी प्राचार्यांचा कागद बिनसहीचाच परत दिला आणि स्वतःचं पत्र ठेवलं. पत्रात होतं ते एवढंच: ती वाक्यं माझी आहेत, मी ती वर्गासाठी लिहिली, हे ओढवेल याचा विचार मी करायला हवा होता आणि केला नाही. एका सदस्याने नावं विचारली. बाई म्हणाल्या, "शिकवणारीचं नाव वर लिहिलंय. शिकणाऱ्यांचं मी देणार नाही." पत्राची एक प्रत त्यांनी वर्तमानपत्राला दिली, एक घड्याळजींच्या पुठ्ठ्यावर स्वतःच्या हाताने चिकटवली. मजा अशी की त्यात 'पण' एकदाही नव्हता. धाकटीने दोनदा वाचून खात्री करून घेतली.

केंद्राचे संचालक झाले एक कडक इस्त्रीचे गृहस्थ, ज्यांचा विषय नगररचना होता. पुस्तकांना काचेची कपाटं मिळाली नाहीत. ती बाईंच्या पलंगाखाली गेली. डावखुरा आला नाही. नखं खाणारी एकदा गल्लीच्या तोंडापर्यंत आली, पुठ्ठ्यावरचं पत्र वाचलं आणि तिथूनच परत गेली, असं घड्याळजींनी सांगितलं. बाई त्यावर म्हणाल्या, "वाचलं ना? मग झालं."

निवृत्तीला चार वर्षं उरली होती. भाषणाचे सायक्लोस्टाइल बाईंनी फाडून टाकले, पण धडा सोडला नाही. आता त्या तोंडी सांगायच्या आणि उंबऱ्यापाशी थांबायच्या. मग मुलांनी लिहायचं ते भाषण नव्हे, तर सभेच्या बाहेर अर्ध्या शटरमागे बसून लाउडस्पीकर ऐकणाऱ्या माणसाचं उत्तर. मुलांना ते फार अवघड जायचं. पंधरा मिनिटं सोडा, पंधरा दिवस पुरायचे नाहीत. निबंध वाईट यायचे, रडके यायचे, आणि बाई लाल शाईने समासात लिहायच्या, "हा माणूस धंदा काय करतो?" धाकटी म्हणायची, "हं, आता कुठे उताऱ्याचा वास यायला लागला."

कुजबुज मात्र मेली नाही. पत्र छापून आल्यावर लोक म्हणाले, बघा, शेवटी कबूल केलंच. पाकिटांचं काय, ते नाही सांगितलं. न्हाव्याच्या खुर्चीत आजही कुणी विचारतं.

तर तेही. बाईंनी कोणत्याही पक्षासाठी एकही भाषण लिहिलं नाही आणि कुणाकडून काही घेतलं नाही. त्या दोन्ही पक्षांच्या कचेऱ्यांना दर महिन्याला पत्र पाठवून नेत्यांची छापील भाषणं मागवायच्या. सोबत परतीचं पाकीट जोडायच्या. पत्ता त्यांच्याच हातचा असायचा, आणि तिकीटही त्यांनीच लावलेलं असायचं.